दत्तक, भाऊबंद आणि पाळणारीं माणसें

दत्तकाच्या प्रश्नावर आपल्या भाषेंत थोडें लिहिलें गेलेलें नाहीं. दत्तकापायीं संस्थानें गेलीं, वाडे ओसाड पडले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील वकिलांच्या दोन-दोन पिढ्या दत्तकाच्या दाव्यांवर पोसल्या गेल्या. या सर्व लिखाणांत दोन माणसें ठळक दिसतात: मूल देणारा आणि मूल घेणारा. तिसरें एक माणूस असतें, तें मात्र बहुधा दिसत नाहीं. आई-बाप गेल्यावर, किंवा असूनही ते असमर्थ ठरल्यावर, ज्यानें मूल वाढविलें, त्याच्या तापांत रात्री जागून काढल्या, त्याच्या हातीं पाटी-पेन्सिल दिली, तें हें माणूस. पुढें एके दिवशीं मुलाचा चुलता किंवा मामा दारांत उभा राहतो आणि म्हणतो, "मूल आमच्या रक्ताचें आहे, आम्ही त्याला दत्तक घेतों." अशा वेळीं पाळणाऱ्याचा हक्क कोणता? आमच्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावा असें आम्हांस वाटतें. कारण या एका लहानशा जिल्ह्यांत दत्तकाच्या कायद्याचीं बहुतेक सर्व वळणें पाहावयास मिळतात.

वर्धा शहर जुनें नाहीं. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा काढण्यांत आला, आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं जिल्ह्याचें नवें ठाणें वसविलें गेलें. पालकवाडी या नांवाचा आमच्या विषयाशीं कांहीं संबंध आहे असें आम्ही सुचवीत नाहीं. व्युत्पत्तीच्या मोहानें पुष्कळ चांगले लेख बिघडले आहेत. परंतु हा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला तोच मुळीं एका दत्तकाच्या वादांतून, ही गोष्ट मात्र खरी. ११ डिसेंबर १८५३ रोजीं नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राजवाड्यांतील स्त्रियांनीं, त्यांत वृद्ध बांकाबाई प्रमुख, आप्तांपैकीं यशवंतराव अहेर या मुलाला पुढें केलें. कंपनी सरकारचें म्हणणें असें कीं, राजानें हयातींत दत्तक घेतला नाहीं, सबब राज्याला वारस नाहीं. १८५४ सालीं राज्य खालसा झालें. सत्तावन्नच्या वणव्यानंतर धोरण बदललें आणि याच दत्तकाला, आतां जानोजी भोसले या नांवानें, देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता मिळाली. दत्तक मान्य झाला, राज्य मात्र परत आलें नाहीं. निपुत्रिकाच्या मागें मालमत्तेवर टपलेला भाऊबंद आपण गांवोगांव पाहतों. नागपुरास ती भूमिका खुद्द सार्वभौम सत्तेनें केली, इतकाच फरक.

राजघराण्यांची गोष्ट येथेंच सोडूं. सामान्य घरांत जो कायदा चालत असे तो पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

मनुस्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील कांहीं नांवें आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटतील. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें दोन नांवें फार मोलाचीं आहेत. आई-बापांनीं टाकून दिलेलें मूल ज्यानें उचलून घरीं नेलें, त्याचा तो 'अपविद्ध' पुत्र. आणि आई-बाप नसलेला, किंवा त्यांनीं कारणावांचून टाकलेला मुलगा आपण होऊन ज्याच्याकडे जातो व स्वतःला देऊन टाकतो, त्याचा तो 'स्वयंदत्त'. म्हणजे देणारा कोणी नसतांनाही, केवळ उचलल्यानें व जवळ केल्यानें पुत्रत्व येऊं शकतें, ही कल्पना आपल्या स्मृतिकारांना अपरिचित नव्हती. हें दार पुढें बंद झालें. कलियुगांत औरस आणि दत्तक यांवांचून इतर पुत्र वर्ज्य, असें निबंधकारांनीं ठरविलें. मिथिलेकडे 'कृत्रिम' पुत्राची चाल तेवढी राहिली. इंग्रजी न्यायालयांनीं हा निर्णय जसाच्या तसा उचलला.

दत्तक म्हणजे दिलेला. तेव्हां दान हवें, आणि दानाचा अधिकार फक्त बापाला व त्याच्या मागें आईला. आजा नातवाला देऊं शकत नाहीं. थोरला भाऊ धाकट्याला देऊं शकत नाहीं. यावरून एक विलक्षण निष्कर्ष निघाला आणि मुंबई हायकोर्टानें तो १८७० च्या आगेंमागें स्पष्ट शब्दांत मांडला: ज्याचे आई-बाप दोघेही मेले, त्याला दत्तक जातांच येत नाहीं, कारण देणारा हातच उरला नाहीं. एखाद्या जातींत तशी रूढि असल्याचें सिद्ध झालें तर गोष्ट वेगळी. एरवीं, ज्या मुलाला घराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच कायद्यानें घर मिळणें अशक्य होतें. हा नियम जवळजवळ पंचाऐंशी वर्षें टिकला. न्यायाधीश निर्दय होते असें नव्हे. दत्तक हा त्यांच्या दृष्टीनें मुलासाठीं नव्हताच. तो पितरांच्या पिंडासाठीं होता, कुळाच्या नांवासाठीं होता, आणि व्यवहारांत पाहिलें तर शेतवाडीसाठीं होता. मुलीला दत्तक घेण्याचा विचारही या कायद्यांत नव्हता, याचें कारण निराळें सांगावयास नको. अशी कितीतरी मुलें-मुली आपल्या घरांत वाढलीं, कामाला लागलीं, लग्नें होऊन गेलीं. पण त्यांची कायद्यांत नोंद 'पाळलेलें' एवढीच, आणि पाळलेल्याला वाटा नाहीं. पाळणाऱ्यालाही कांहीं नाहीं.

कोणाला दत्तक घ्यावें या बाबतींतही शास्त्राचा ओढा रक्ताकडे. नंदपंडितांच्या दत्तकमीमांसेंत सख्ख्या भावाचा मुलगा पहिला, मग जवळचे सपिंड, मग दूरचे, असा क्रम लावला आहे. खेड्यांतील भाऊबंदांना नंदपंडित ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, पण हा एवढा क्रम त्यांना पुरता ठाऊक असे. न्यायालयांनीं मात्र तो आज्ञा म्हणून न मानतां उपदेश म्हणून मानला: पुतण्या असतांना परका मुलगा घेणें बरें नव्हे, पण घेतला तर दत्तक रद्द होत नाहीं. या सवलतीलाही एक मोठा अपवाद होता. वरच्या तीन वर्णांत मुलीचा मुलगा, बहिणीचा मुलगा आणि मावशीचा मुलगा यांना दत्तक घेणें निषिद्ध. आणि प्रिव्ही कौन्सिलनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो निषेध कायम केला. आतां आपल्या घरांतून पाहावें. पोरका झालेला भाचा मामाच्या घरीं वाढतो, हें आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारें दृश्य. नेमका हाच मुलगा ब्राह्मण-वाण्याच्या घरीं दत्तक होऊं शकत नव्हता. कुणब्या-माळ्याच्या घरीं तो चालत असे, कारण न्यायालयें त्यांना शूद्र समजत. शूद्रत्वाचा एवढा एक फायदा त्या कायद्यांत होता, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.

या सर्व अंधारांत पाळणाऱ्या माणसाच्या हातीं एकच दिवा होता, आणि तो महाराष्ट्राच्या विधवेच्या हातीं होता. नवरा निपुत्रिक मेला म्हणजे विधवेनें दत्तक घ्यावा कीं नाहीं, यावर हिंदुस्थानांत चार प्रांतांत चार मतें होतीं. मिथिलेंत तिला अधिकारच नाहीं. बंगाल्यांत व काशीकडे नवऱ्यानें हयातींत परवानगी दिली असेल तरच. मद्रासेकडे नवऱ्याची परवानगी नसली तर सपिंडांची संमति चालेल, असें रामनाडच्या प्रसिद्ध खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १८६८ सालीं ठरविलें. महाराष्ट्रांत मात्र, व्यवहारमयूखाच्या आधारानें, नवऱ्यानें मनाई केलेली नसली म्हणजे तिला कोणाचीच परवानगी नको, असें त्याच १८६८ सालीं मुंबई हायकोर्टानें सांगितलें. व्यवहारमयूख लिहिणारे नीलकंठभट्ट काशीस राहणारे, पण त्यांचें घराणें मूळचें पैठणचें. आणि त्यांचा ग्रंथ काशीपेक्षां मुंबईच्या कोर्टांत अधिक चालला, ही गंमतीची गोष्ट आहे.

भाऊबंदांना हा नियम रुचला नाहीं हें उघड आहे. नवरा एकत्र कुटुंबांत असतांना मेला तर तरी निदान आमची संमति घ्या, असा त्यांचा आग्रह, आणि १८७९ सालीं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानें तो मान्यही केला. पुढें चाळीस वर्षांनीं, १९२१ सालीं, आमच्याच मध्यप्रांतांतून विलायतेस गेलेल्या 'यादव विरुद्ध नामदेव' या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें या मतावर प्रश्नचिन्ह उभें केलें, आणि १९३२ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत तें साफ मोडीत काढलें. आतां महाराष्ट्राच्या कायद्याखालील विधवा एकत्र कुटुंबांतही स्वतःच्या विचारानें दत्तक घेऊं शकत होती. या निकालाचें खरें महत्त्व वकिलांच्या पुस्तकांत दिसत नाहीं. दीर घरांत आपला मुलगा तिच्या मांडीवर बसवूं पाहत असतां, जो तिनें स्वतः वाढविला आहे असा, जिवंत आई-बापांनीं दिलेला दुसरा मुलगा ती निवडूं शकत होती. पाळण्याला हक्क नव्हता. पण पाळणारी जर विधवा असेल, तर तिच्या निवडीला होता. इतक्या आडवाटेनें मायेला कायद्यांत शिरावें लागलें.

आणि हेंही सर्वांना नव्हे. वर्धा, आर्वी, हिंगणघाट हा कापसाचा मुलूख. १८६७ सालीं नागपूरपर्यंत आगगाडी आली, आणि या मुलखांत मारवाड-शेखावाटीकडील व्यापाऱ्यांचा जम बसला. घराणें दुसऱ्या प्रांतांत गेलें तरी तें आपला कायदा बरोबर घेऊन जातें, असें गृहीत धरावें, हें तत्त्व न्यायालयांनीं कायम केलें होतें. त्यामुळें वर्ध्याच्या एकाच गल्लींत समोरासमोरच्या दोन घरांत दोन कायदे नांदत: इकडच्या घरांतील विधवेला दत्तक घेतां येई, तिकडच्या घरांतील विधवेला नवऱ्याच्या परवानगीचा पुरावा द्यावा लागे.

अशाच एका शेखावाटीच्या घराण्यांत वर्ध्याचें सर्वांत प्रसिद्ध दत्तविधान झालें. शेठ बच्छराज बजाज हे वर्ध्याचे मोठे व्यापारी. सीकरजवळील काशी-का-बास या खेड्यांत कनीराम व बिरदीबाई हें दांपत्य राही. बच्छराजांशीं त्यांचें दूरचें नातें होतें. त्यांचा तिसरा मुलगा जमनालाल, जन्म ४ नोव्हेंबर १८८९. बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सादीबाई यांनीं या मुलाला नातू म्हणून दत्तक मागितलें. मुलाच्या बदल्यांत पैसा घेण्यास बापानें नकार दिला. शेवटीं गांवासाठीं एक विहीर बांधून द्यावी असें ठरलें, असें चरित्रकार सांगतात. या विहिरीकडे आम्ही थोडें थांबून पाहूं इच्छितों. पैसे देऊन घेतलेला मुलगा तो 'क्रीत', आणि क्रीत पुत्र कलियुगांत वर्ज्य. १९५६ च्या कायद्यानेंही दत्तकासाठीं मोबदला देणें-घेणें हा गुन्हा ठरविला. काशी-का-बासच्या त्या बापाला कोठलाही कायदा ठाऊक असण्याचा संभव नाहीं. पण मूल विकलें असें होऊं नये आणि दिलें तें वायां गेलें असेंही होऊं नये, यांतून त्यानें काढलेली वाट कोणत्याही निबंधकाराला शोभणारी आहे. पाणी गांवाचें झालें, मुलगा वर्ध्याचा झाला.

पुढचा प्रसंग वर्ध्यांत सर्वांच्या तोंडीं आहे, तरी कायद्याच्या अंगानें तो फारसा पाहिला गेलेला नाहीं. १९०७ सालीं दागिन्यांवरून आजोबा-नातवांचें वाजलें. लग्नसमारंभास अलंकार घालून जाण्याची नातवाची तयारी नव्हती; आजोबा रागावून संपत्तीविषयीं लागेल असें बोलले. सतरा वर्षांच्या जमनालालांनीं घर सोडलें, आणि तुमच्या संपत्तीवर माझा कोणताही हक्क नाहीं, अशा अर्थाचें पत्र आजोबांना लिहून ठेवलें. आतां कायदा काय म्हणतो? १८७५ च्या कायद्याप्रमाणें सज्ञान होण्याचें वय अठरा. तेव्हां मालमत्तेवरील हक्क सोडण्याचा हा कागद कोर्टांत टिकला नसता. तो टिकता तरी दत्तकपणा सुटला नसता. दत्तक एकदां झाला म्हणजे तो घेणाऱ्याला मोडतां येत नाहीं आणि दत्तकालाही जन्मदात्यांच्या घरीं परत जातां येत नाहीं. हक्क टाकतां येतो, नातें टाकतां येत नाहीं. म्हणजे त्या रात्रीं घर सोडून गेलेल्या मुलाला काशी-का-बासला वारस म्हणून जागा नव्हती, आणि वर्ध्याचा हक्क त्यानें स्वतःच सोडला होता. दत्तक मुलाची ही जी मधल्यामध्यें राहण्याची स्थिति, ती कायद्याच्या ग्रंथांत एका ओळींत सांगितलेली असते. ती जगावी लागणाऱ्याला काय वाटत असेल याची कल्पना या प्रसंगावरून येते. आजोबांनीं नातवाला परत आणलें. पत्रानें त्यांचें मन वळलें, कायद्यानें नव्हे. पुढें ती पेढी जमनालालांच्याच हातीं आली.

याच जमनालालांनीं १९२० सालीं, नागपूर काँग्रेसच्या वेळीं, गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली: मला आपला पांचवा मुलगा माना. गांधीजींना चार मुलगे होते. हा दत्तक कोणत्याच कायद्यांत बसत नव्हता. मुलगा एकतीस वर्षांचा, विवाहित, पूर्वींच दुसऱ्या घरीं दत्तक गेलेला; देणारा कोणी नाहीं, होम नाहीं, वारसा नाहीं. शास्त्रांत शोधूं गेल्यास त्याला एकच नांव सांपडतें, आणि तें म्हणजे कलियुगांत वर्ज्य ठरविलेला स्वयंदत्त. निबंधकारांनीं जें दार बंद केलें होतें तें वर्ध्याच्या एका व्यापाऱ्यानें, कोणाला न विचारतां, स्वतःपुरतें उघडलें. गांधीजी पुढें वर्ध्यास व मग सेवाग्रामास येऊन राहिले, त्याच्या कारणांत हें नातें मोठें होतें. जमनालाल ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यांत वारले.

थोरांच्या बाबतींत नातें मनानें जुळलें म्हणजे पुरतें. ज्यांच्या मागें भाऊबंद उभे आहेत त्यांना तें पुरत नाहीं, आणि याचें उदाहरण पुण्यास मिळतें. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनीं काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचें मूल जन्मतः जवळ केलें, वाढविलें, आणि यशवंत या नांवानें आपला मुलगा मानलें. हा काळ १८७४ च्या सुमाराचा. जोतीरावांच्या नातलगांना हें कधींच मान्य झालें नाहीं. जोतीराव व्यवहारी होते. दत्तकावर विसंबून न राहतां त्यांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र नोंदविलें आणि आपल्या मिळकतीची व्यवस्था सावित्रीबाई व यशवंत यांच्यासाठीं करून ठेवली. दत्तकाला आव्हान देतां येतें. स्वकष्टार्जित मिळकतीच्या मृत्युपत्राला तितक्या सहज देतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. त्या काळीं पाळणाऱ्याच्या हातीं खरें शस्त्र हें एवढेंच. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले तेव्हां अंत्ययात्रेंत टिटवें धरण्याच्या यशवंताच्या हक्कास भाऊबंदांनीं हरकत घेतली, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवें हातीं धरून पुढें चालल्या. टिटवें धरणारा तो वारस, अशी समजूत असल्यामुळेंच हा वाद. मृत्युपत्र मिळकतीपुरतें बोलतें, मातीच्या मडक्यापुरतें बोलत नाहीं. तेथें त्या माउलीला उभें राहावें लागलें.

त्याच १८९० सालीं सरकारनें अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा केला, आणि आमच्या मतें या विषयांतील पहिला खरा बदल तो होय, जरी तो करणारांना तसें वाटलें नसावें. पालक नेमतांना न्यायाधीशानें काय पाहावें? मुलाचें हित. तें कशावरून ठरवावें? मुलाचें वय, धर्म, होऊं पाहणाऱ्या पालकाचें शील व पात्रता, त्याचें रक्ताचें नातें किती जवळचें, मेलेल्या आई-बापांची इच्छा. आणि याच ओळींत पुढें, त्या पालकाचे मुलाशीं आजवर असलेले संबंध. मूल समजत्या वयाचें असेल तर त्याची स्वतःची निवडही विचारांत घेतां येईल. रक्ताचें नातें येथें यादींतील एक गोष्ट झाली. ती सर्वांवर मात करणारी राहिली नाहीं. पाळणाऱ्याला कायद्याच्या दारांत प्रथम पाट मिळाला तो या ठिकाणीं.

हा पाट किती डळमळीत होता हें अ‍ॅनी बेझंट बाईंच्या खटल्यानें दाखविलें. मद्रासेकडील नारायणय्या यांनीं १९१० सालीं आपले दोन मुलगे, कृष्णमूर्ति व नित्यानंद, लेखी पत्रानें बाईंच्या पालकत्वाखालीं दिले, आणि १९१२ सालीं परत मागितले. मद्रासच्या हायकोर्टानें बापाच्या बाजूनें निकाल दिला. १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरविला. मुलें इंग्लंडांत असून त्यांचें म्हणणें कोणी ऐकलेंच नव्हतें, हें त्याचें एक कारण. पण त्या निकालांत एक तत्त्व सांगितलें आहे तें पाळणाऱ्यांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें. बापानें आपला अधिकार दुसऱ्याला दिला तरी तो परत घेऊं शकतो. मात्र मध्यंतरीं मुलाचे लागेबांधे असे जडले असतील कीं ते तोडणें त्याच्याच हिताचें नाहीं, तर न्यायालय बापाला अडवूं शकतें. म्हणजे पाळण्यानें पाळणाऱ्याला हक्क मिळत नाहीं. मुलाला मिळतो, आणि तो पाळणाऱ्याच्या उपयोगी पडतो. हा भेद सूक्ष्म आहे, परंतु पुढील शंभर वर्षांचा सर्व कायदा त्यावर उभा आहे. इंग्लंडांत तरी स्थिति फारशी बरी नव्हती; दत्तकाचा कायदाच तेथें १९२६ पर्यंत नव्हता, आणि अनाथ मूल वाढविणाऱ्या गरीब कुटुंबाकडून तें कमावण्याजोगें झाल्यावर आई-बाप परत मागत, अशी तेथील तक्रार होती.

१९५६ सालीं हिंदु दत्तक व निर्वाह कायदा आला. मुलगी दत्तक घेतां येऊं लागली. स्त्रीला स्वतःच्या नांवानें दत्तक घेतां येऊं लागला. भाचा-नातवाचा निषेध गेला. एकाच गल्लींतील दोन कायदे एक झाले. दत्तक आल्यानें पूर्वीं दुसऱ्याकडे गेलेली मालमत्ता त्याच्याकडून काढून घेतली जाणार नाहीं असेंही ठरलें, आणि भाऊबंदांच्या निम्म्या भांडणांतील हवा निघून गेली. पोरक्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीनें पालकानें दत्तक द्यावें ही सोय त्यांत होती. परंतु टाकलेल्या, आई-बाप अज्ञात असलेल्या मुलाचा विचार राहून गेला होता. १९६२ सालीं दुरुस्ती झाली. अशा मुलालाही पालक दत्तक देऊं शकेल, आणि कोणालाही देऊं शकेल, 'स्वतः त्या पालकासुद्धां'. या शेवटच्या तीन शब्दांकडे आमचे बहुतेक ग्रंथकार लक्ष देत नाहींत. देणारा आणि घेणारा एकच असूं शकतो, म्हणजे दानाची जुनी कल्पना तेथें संपली. ज्यानें वाढविलें तोच बाप होऊं शकतो, हें आमच्या कायद्यानें मनूच्या अपविद्धानंतर प्रथमच कबूल केलें.

आज या विषयावर दुसरा कायदा आहे, २०१५ चा बालन्याय अधिनियम. तो सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे. त्यांत 'प्रतिपालकत्व' म्हणून एक स्वतंत्र व्यवस्था केली आहे: ज्या मुलाचें घर मोडलें त्याला बालकल्याण समितीनें दुसऱ्या कुटुंबांत कांहीं काळ ठेवावें. हें दत्तविधान नव्हे. प्रतिपालक आई-बापांना मुलावर मालकी नाहीं, वारसा नाहीं, आणि मूळ कुटुंब उभें राहिलें तर मूल परत करावयाचें आहे. पूर्वीं पांच वर्षें असें पाळल्यावर त्यांना दत्तकासाठीं अर्ज करतां येत असे. आतां ती मुदत दोन वर्षांवर आणली आहे. याच्या जोडीला आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिच्यांत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि आई-बाप गमावलेलीं अनेक मुलें तिच्या आधारानें आजी, मावशी, चुलता यांच्याकडेच राहतात. आजीनें सांभाळलेलें मूल हा सरकारी कागदावरचा विषय होईल, असें आमच्या लहानपणीं कोणाच्या मनांतही आलें नसतें.

तरी जुना वाद मिटला असें नाहीं. मूल मोकळें आहे असें जाहीर होण्यापूर्वीं आई-बापांचा व आप्तांचा शोध घेणें समितीवर बंधनकारक आहे, आणि तें योग्यही आहे. रक्ताचें माणूस शोधूनच न पाहणें हा मुलावर अन्याय होईल. पण शोध लागतां लागतां वर्ष-दीड वर्ष गेलें, मूल नव्या घरांत रुळलें, 'आई' म्हणूं लागलें, आणि मग मामा आला, तर? अधिनियम या स्थितींत प्रतिपालकांना हक्क देत नाहीं. आपलें म्हणणें मांडण्याची संधि तेवढी त्यांना आहे, आणि निर्णय मुलाच्या हितावर व्हावयाचा. न्यायालयें येथें एकाच सुरांत बोलत नाहींत. २०२२ सालीं गुजरातेंतील एका मुलाला, ज्याचे आई-बाप करोनाच्या साथींत गेले होते, सर्वोच्च न्यायालयानें वयस्क आजी-आजोबांकडे सोंपविलें; मावशी वयानें लहान व कमावती असल्यामुळें हायकोर्टानें तिला दिलेलें प्राधान्य त्यानें मानलें नाहीं. उलट २०२४ सालीं ओडिशाकडील एका चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतींत, तान्हेपणापासून जिनें तिला वाढविलें त्या आप्त स्त्रीकडेच ती राहील, जन्मदात्या बापाकडे जाणार नाहीं, असें त्याच न्यायालयानें ठरविलें, आणि मुलीची स्वतःची इच्छा त्यांत वजनदार मानली. एका निकालांत रक्ताचें पारडें खालीं गेलेलें दिसतें, दुसऱ्यांत वाढविण्याचें. दोन्हींत पाळणारे नात्यांतलेच होते, हें मात्र विसरतां कामा नये. सर्वस्वी परक्या प्रतिपालकाची कसोटी अजून अवघड आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. नातलगानें दत्तक घेण्यास या अधिनियमांत सोपी वाट ठेवली आहे. पण 'नातलग' म्हणजे कोण, हें त्यांत मोजून सांगितलें आहे: काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हींकडील आजी-आजोबा. चुलत-चुलते, मानलेले काका, गांवकीचे भाऊबंद यांत येत नाहींत. नंदपंडितांची सपिंडांची लांबलचक माळ येथें एका मुठीएवढी झाली आहे. वर्ध्याहून सीकरला गेलेले बच्छराज आज आले असते, तर हिंदु दत्तकाच्या १९५६ च्या कायद्यानें त्यांना मूल मिळूं शकलें असतें, तेंही मुलगा म्हणून, नातू म्हणून नव्हे. विहिरीचा करार मात्र मोबदला ठरेल कीं काय, याचें उत्तर त्यांना आधीं वकिलाकडून घ्यावें लागलें असतें. २०१५ च्या अधिनियमाखालीं ते नातलग ठरले नसते.